विद्यापीठ नसलेल्या देशाचे विद्यार्थी

मंडळी, ओमान म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला तीन गोष्टी आठवतात. खजूर, तेल आणि मोबाइलवर फिरत असलेली ती डॉ. शंकर दयाळ शर्मांची गोष्ट. म्हणजे राष्ट्रपती शर्मा मस्कतला आले तेव्हा सुलतान काबूस स्वतः विमानतळावर गेले, विमानात चढले, स्वतः गाडी चालवली, कारण काय तर पुण्यात शिकताना शर्मा त्यांचे गुरुजी होते! मला ही गोष्ट वर्षातून चारदा तरी कुणी ना कुणी पाठवतं. ऐकायला फार छान आहे. पण सुलतानांच्या चरित्रात पुणं कुठेच येत नाही. जन्म १९४० चा सलालाचा, सुरुवातीचं शिक्षण तिथेच, १९५८ मध्ये इंग्लंडला रवानगी, १९६० मध्ये सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत. काही जण मग सारवासारव करतात की अहो, ते नाही, त्यांचे वडील. वडील सईद बिन तैमूर भारतात शिकले हे खरं आहे, पण अजमेरच्या मेयो कॉलेजात. आणि ते जन्मले १९१० मध्ये, शर्मा १९१८ मध्ये. गुरुजी शिष्यापेक्षा आठ वर्षांनी लहान! असो.

ही गोष्ट बाजूला ठेवा, कारण ओमान आणि शिक्षण यांची खरी गोष्ट हिच्यापेक्षा कितीतरी विलक्षण आहे. या देशात १९८६ पर्यंत एकही विद्यापीठ नव्हतं. तरीही १९७० नंतर इथे डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक, परराष्ट्र खात्यातले अधिकारी असे ओमानी लोक दिसायला लागले. ते आले कुठून? थोडक्यात उत्तर असं की युद्धांनी त्यांना आधी देशोधडीला लावलं होतं आणि दुसऱ्यांच्या विद्यापीठांनी सांभाळलं होतं. हल्ली युक्रेन, गाझा, सुदान यांच्या बातम्या बघताना विद्यापीठांनी अशा वेळी काय करावं याची चर्चा होते, तेव्हा मला ऑक्सफर्ड-हार्वर्डच्या आधी हा वाळवंटातला देश आठवतो.

आधी १९७० सालचं चित्र डोळ्यासमोर आणा. अख्ख्या देशात सरकारी शाळा तीन. एक मस्कतला, एक मत्रहला, एक सलालाला. विद्यार्थी सुमारे ९००, सगळे मुलगे. डांबरी रस्ता दहा-बारा किलोमीटर. सूर्यास्तानंतर तीन तासांनी मस्कतच्या वेशी बंद व्हायच्या आणि त्यानंतर फिरायचं तर हातात कंदील हवा, असा नियम होता. मेयो कॉलेजात शिकलेल्या सुलतान सईदांना शिकलेली प्रजा नको होती, शिकलेला माणूस गडबड करतो असं त्यांचं मत असल्याचं त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलंय. परदेशी जायला परवानगी लागायची आणि विनापरवाना गेलेल्याला परत येता यायचं नाही. तरीही लोक जात होते. होड्यांतून बाहरीन, कुवेत, सौदी गाठत होते. कुणी मजुरीला, कुणी शिकायला. आपल्याकडचा माणूस आखातात पैसे कमवायला जायला लागला, त्याच्या आधी ओमानी माणूस कुवेतमध्ये मोलमजुरी करत होता हे आमच्या मराठी मंडळींना सांगितलं तर खरं वाटत नाही.

त्यात ही तीन युद्धं.

पहिलं जबल अख्दरचं. निझवाच्या मागे जो उंच डोंगर आहे तो. देशाच्या आतल्या भागावर इमामांची सत्ता होती, किनाऱ्यावर सुलतानांची. तेलाचा वास लागल्यावर हे भांडण पेटलं आणि १९५७ ते १९५९ मध्ये इंग्रजांच्या विमानांनी इमामांच्या बाजूची गावं बॉम्बनी फोडली. निझवाजवळ तनूफ नावाचं गाव आहे, त्याचे मातीचे पडके वाडे अजून तसेच उभे आहेत. इथे पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांवर 'तनूफ' हे नाव असतं. आम्ही सगळे रोज ते पाणी पितो, गावाचं काय झालं ते फार कमी जणांना ठाऊक असतं. इमाम गालिब आणि त्यांचे लोक सौदीतल्या दम्मामला गेले, कैरोत कचेरी उघडली. त्यांच्या मागोमाग तरुण पोरं गेली. इजिप्त, इराक, कुवेत या देशांनी त्यांना शाळा-कॉलेजांत जागा दिल्या. त्यामागे राजकारण होतंच. नासरना इंग्रजांची जिरवायची होती. पण राजकारणापोटी मिळालेली शिष्यवृत्ती पोटाला भाकरी आणि हाताला पुस्तक देते, ही गोष्ट काही खोटी नाही.

दुसरं युद्ध म्हणण्यापेक्षा कत्तल म्हणावी लागेल. १२ जानेवारी १९६४, झांझिबार. हे बेट दीडशे-दोनशे वर्षं ओमानी अरबांच्या राज्याखाली होतं. स्वातंत्र्य मिळून जेमतेम महिना झाला होता आणि क्रांती झाली. काही दिवसांत हजारो अरब मारले गेले, उरलेले मिळेल त्या वाटेने पळाले. (याच धामाधुमीत बुलसारा नावाचं एक पारशी कुटुंब झांझिबार सोडून इंग्लंडला गेलं. त्यांचा मुलगा आधी आपल्या पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेला. पुढे जगाला तो फ्रेडी मर्क्युरी म्हणून माहीत झाला.) या झांझिबारी ओमानींची पंचाईत अशी की ज्याला मूळ देश म्हणायचं त्या ओमानचे सुलतान सईद त्यांना सहजासहजी आत घ्यायला तयार नव्हते. शिकलेले लोक होते ना! इंग्रजांच्या काळातल्या शाळांतून निघालेले, काही जण कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात, काही इंग्लंडमध्ये, काही कैरोत शिकत असलेले. आज ज्या देशाच्या पासपोर्टवर परीक्षेला बसलो तो देश उद्या आपल्याला ओळखत नाही, अशी अवस्था.

झांझिबारचे शेवटचे सुलतान जमशीद इंग्लंडमध्ये पोर्ट्समथला राहिले. त्यांना ओमानात येऊन राहायला २०२० साल उजाडावं लागलं. २०२४ च्या डिसेंबरच्या अखेरीस ते मस्कतमध्येच वारले. राजाची ही कथा, तर विद्यार्थ्याची काय असेल?

माझ्या पहिल्या नोकरीतले वरिष्ठ असेच झांझिबारी होते. मी नवीन असताना मला वाटायचं की ऑफिसात सगळे अरबी बोलत असतील. तर आमच्या मजल्यावरच्या तीन-चार ज्येष्ठ ओमानी मंडळींची आपसातली भाषा स्वाहिली! अरबी ते जरा चाचपडतच बोलायचे, इंग्रजी मात्र खणखणीत. त्यांनी एकदा चहा पिताना सांगितलं की ते इंग्लंडमध्ये इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरून पैसे येणं बंद झालं, कारण घरच उरलं नव्हतं. तिथल्या विभागप्रमुखांनी फीचा तगादा लावला नाही, उन्हाळ्यात प्रयोगशाळेत काम दिलं, आणि वसतिगृहात सुट्टीतही राहू दिलं. एवढंच. कुठलीही समिती बसली नव्हती. "सुट्टीत सगळे घरी जातात, तेव्हा तू कुठे जाशील, हे त्यांना सुचलं," असं ते म्हणाले. विद्यापीठाने युद्धग्रस्त विद्यार्थ्यासाठी काय करावं यावर मी बरंच वाचलंय, पण सुट्टीतल्या वसतिगृहाचा मुद्दा मला त्यांनीच पहिल्यांदा दाखवला.

तिसरं युद्ध धोफारचं, आणि ते सर्वात लांबलं. ९ जून १९६५ ला सुरू झालं, डिसेंबर १९७५ मध्ये संपल्याचं जाहीर झालं. धोफार म्हणजे दक्षिणेचा भाग, मुख्य शहर सलाला. मस्कतहून हजार किलोमीटर. जून ते सप्टेंबर तिथे आपल्यासारखाच पाऊस, 'खरीफ' म्हणतात त्याला. डोंगर हिरवेगार होतात, धुकं उतरतं, नारळ-केळी विकायला बसलेले असतात. कोकणची आठवण आलेली मराठी कुटुंबं गाड्या काढून दरवर्षी तिकडे पळतात. ज्या वळणांवर आपण कणसं खात फोटो काढतो, त्याच डोंगरांत दहा वर्षं लढाई चालली होती. एका बाजूला सुलतान, इंग्रज, पुढे इराणच्या शहाची फौज. दुसऱ्या बाजूला डोंगरी जमातींतले बंडखोर, ज्यांचं नेतृत्व १९६८ पासून उघडपणे मार्क्सवादी झालं.

या बंडखोरांबद्दल मत काही असो, त्यांनी शाळा काढल्या हे खरं. दक्षिण येमेन नोव्हेंबर १९६७ मध्ये स्वतंत्र झाला, तिथे डाव्यांचं राज्य आलं, आणि सरहद्दीपलीकडच्या हौफ नावाच्या किनाऱ्यावरच्या गावात धोफारी मुलांसाठी शाळा भरायला लागल्या. त्यातल्या एका शाळेचं नाव चक्क लेनिन शाळा. ज्या डोंगरांत सुलतानांनी एकही शाळा दिली नव्हती तिथली मुलं, आणि मुलीसुद्धा, तंबूत बसून अक्षरं गिरवत होत्या. अक्षरांबरोबर मार्क्सही गिरवत होत्या हे सांगायला नको. लेबनॉनच्या हेनी स्रूर या दिग्दर्शिकेने १९७१ मध्ये बंडखोरांच्या भागात जाऊन माहितीपट केला, तो १९७४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. हौफवर बॉम्ब पडले. शाळा गाव बदलत राहिल्या. पुढच्या शिक्षणासाठी मोठी मुलं एडनला, बगदादला, काही थेट सोव्हिएत रशियात.

मॉस्कोला १९६० मध्ये खास तिसऱ्या जगातल्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ निघालं होतं, नंतर त्याला पॅट्रिस लुमुंबाचं नाव दिलं. तिथली पद्धत इंजिनियर म्हणून मला फार आवडते. विद्यार्थी आला की पहिलं वर्ष फक्त भाषा आणि कच्चे विषय पक्के करणं. रशियन येत नाही? हरकत नाही. गणित अर्धवट राहिलंय? हरकत नाही. फी नाही, वर महिना भत्ता, राहायला खोली, थंडीचे कपडे. मग पुढे चार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात प्रचाराचा भाग होताच, पण युद्धातून आलेल्या पोराला नेमकं काय कमी पडतं याचा हिशोब त्यात बरोबर केलेला होता. तो पोरगा मठ्ठ नसतो. त्याची मधली दोन-तीन वर्षं गेलेली असतात आणि शिकवण्याची भाषा परकी असते. त्याला थेट पहिल्या सेमिस्टरला बसवलं तर तो नापास होणारच, आणि मग आपण म्हणणार की बघा, संधी दिली होती!

आता २३ जुलै १९७०. सलालाच्या राजवाड्यात काबूस यांनी वडिलांना पायउतार केलं. (त्याच्या सहा आठवडे आधीच, १२ जूनला, इझकी आणि निझवाच्या लष्करी ठाण्यांवर आणखी एका डाव्या गटाने हल्ला केला होता. इंग्रजांना आता म्हाताऱ्याला बदलल्याशिवाय गत्यंतर नाही हे कळायला ते पुरेसं झालं.) नव्या सुलतानांनी केलेल्या पहिल्या कामांत एक काम असं की परदेशी गेलेल्या ओमानींना परत बोलावलं. बंडखोरांना माफी जाहीर केली. झांझिबारींना दार उघडलं. शाळेला इमारत नाही तर झाडाखाली शिकवू, ही त्या काळची घोषणा इथल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ आहे, आणि खरोखरच तंबूत शाळा भरल्या. शिक्षक इजिप्त, सुदान, जॉर्डनहून आले. डोंगरांत तर लढाईचाच एक भाग म्हणून, जो टापू ताब्यात येईल तिथे ताबडतोब विहीर खणायची, दवाखाना, शाळा, मशीद आणि दुकान उभं करायचं, अशी रीत ठरली. बंडखोरांनी शाळेचं महत्त्व ओळखलं होतं, ते सरकारनेही ओळखलं. मला विचाराल तर धोफारचं युद्ध जितकं बंदुकीनं तितकंच या विहिरी आणि शाळांनी संपवलं.

आणि लोक परत आले. हा भाग मी तपशिलात सांगतो, कारण युद्धाने विखुरलेले शिकलेले लोक परत येतात हे जगात फार कमी ठिकाणी घडलंय. झांझिबारी आले ते तेल कंपनीत, इस्पितळांत, बँकांत, विमानतळावर. त्यांच्या बायकाही नोकऱ्या करत होत्या. ओमानच्या शहरांत ऑफिसात काम करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांची संख्या मोठी होती. कैरो-बगदादवाले खात्यांमध्ये गेले. बंडखोरांच्या बाजूचेही सामावून घेतले गेले. सर्वात ठळक नाव यूसुफ बिन अलवी यांचं. धोफार मुक्ती आघाडीत असलेला हा माणूस पुढे १९९७ ते २०२० अशी तेवीस वर्षं ओमानचा परराष्ट्र व्यवहार सांभाळणारा मंत्री होता!

सगळं असं गोडगोड नव्हतं, हेही लिहायला हवं. डिसेंबर १९७२ मध्ये उत्तर ओमानात डाव्या संघटनेच्या लोकांची धरपकड झाली, त्यात परदेशी शिकून आलेलेही होते. काहींना मृत्युदंड झाला. मॉस्कोत शिकलेल्यांची वेगळी अडचण. ओमान आणि सोव्हिएत रशियाचे राजनैतिक संबंध जुळले तेच मुळी १९८५ मध्ये. म्हणजे तुमच्या हातात अशा देशाची पदवी, ज्याचा इथे दूतावासच नाही! आखातात नोकरी केलेल्या कुणालाही याचा अर्थ लगेच कळेल. आम्हा लोकांच्या पदवीवर इतके शिक्के लागायचे की मूळ अक्षरं शोधावी लागायची. मुंबईचा शिक्का, दिल्लीचा शिक्का, दूतावासाचा शिक्का, मग इथला शिक्का. माझं विद्यापीठ कोल्हापूरला शाबूत उभं आहे, कुलसचिव फोन उचलतात, तरी माझ्या कागदांना दोन महिने लागले. ज्याच्या विद्यापीठावर बॉम्ब पडलाय, ज्याचं परीक्षा खातं जळालंय, त्याने शिक्का कुणाकडून आणायचा?

यावर तोडगा निघू शकतो. युरोपातल्या देशांनी १९९७ मध्ये लिस्बनला करार केला त्यात एक कलम असं आहे की निर्वासिताकडे कागद पूर्ण नसतील तरी त्याची पात्रता रास्त मार्गाने तपासायची सोय प्रत्येक देशाने करावी. त्यातून २०१७ पासून युरोपात निर्वासितांसाठी पात्रतेचा पासपोर्ट सुरू झाला. उपलब्ध कागद बघायचे, त्या विषयातल्या जाणकाराने समोर बसून मुलाखत घ्यायची, आणि या माणसाचं शिक्षण अमुक पातळीचं आहे असं लिहून द्यायचं. सोपं आहे. आम्ही नाही का वेल्डरची परीक्षा घेत? त्याचं सर्टिफिकेट काही का असेना, समोर एक जोड मारून दाखव म्हणतो, मग त्या जोडाचा एक्स-रे काढतो. जोड पास तर वेल्डर पास.

परत ओमानकडे येतो. दहाव्या राष्ट्रीय दिनाला, नोव्हेंबर १९८० मध्ये, सुलतानांनी विद्यापीठाची घोषणा केली. मस्कतबाहेर अल् खूदला बांधकाम झालं आणि १९८६ मध्ये सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झालं. पहिल्या तुकडीत सुमारे ५०० मुलंमुली. शिक्षणशास्त्र, वैद्यक, अभियांत्रिकी, विज्ञान आणि शेती अशा पाच शाखा. विज्ञान-अभियांत्रिकीला इंग्रजी माध्यम, त्यामुळे आधी मुलांची इंग्रजीची तयारी करून घ्यायची. (लुमुंबाची आठवण झाली ना?) प्राध्यापक अर्थातच बाहेरचे. २००४ मध्ये उच्च शिक्षण खात्याच्या मंत्री झाल्या राव्या अल् बुसैदी, म्हणजे मुलींची एकही सरकारी शाळा नसलेला देश ते बाई उच्च शिक्षणमंत्री, हा प्रवास चौतीस वर्षांत झाला.

आणि इथे चक्र उलटं फिरलं. आतापर्यंत ओमानी विद्यार्थी दुसऱ्यांच्या दारात होते. आता दुसऱ्यांचे प्राध्यापक ओमानच्या दारात आले. १९९० मध्ये सद्दामने कुवेत गिळला, इराकवर निर्बंध आले आणि बगदादच्या प्राध्यापकाचा महिन्याचा पगार कवडीमोल झाला. त्यातले कित्येक जॉर्डन, लिबिया, येमेन, ओमानला शिकवायला गेले. २००३ नंतर तर कहर झाला. इराकमध्ये प्राध्यापकांना हेरून मारलं जाऊ लागलं, बळींची संख्या शेकड्यांत गेली. नेमक्या त्याच सुमारास ओमानात खासगी विद्यापीठं निघत होती. सोहार २००१ मध्ये, निझवा आणि धोफार २००४ मध्ये. त्यांना शिकवणारे हवे होते, इराक्यांना जागा हवी होती. कुणी उदात्त हेतू जाहीर केला नाही. जाहिरात आली, अर्ज गेले, व्हिसा निघाले.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर असे एक इराकी प्राध्यापक राहायचे. बगदादला स्ट्रक्चरल इंजिनियरिंगचे विभागप्रमुख होते. इथे एका कॉलेजात पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवत. माझ्या मुलीच्या गणिताच्या शंका सोडवायचे, फीचं नाव काढलं की रागवायचे. त्यांचा दर्जा काय होता? निर्वासित? छे! ओमानने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. कायद्याच्या लेखी ते आमच्यासारखेच होते, दोन वर्षांच्या कंत्राटावरचे परदेशी कामगार. याचा एक फायदा असा की माणूस दान घेत नाही, पगार घेतो. ताठ मानेनं राहतो. तोटा असा की कंत्राट संपलं की व्हिसा संपला. माझं कंत्राट संपलं तर मी कोल्हापूरला जाईन, रंकाळ्यावर फिरायला जाईन. ते कुठे जाणार? त्यांच्या जागी ओमानी प्राध्यापक तयार झाला (आणि तो व्हावा हेही रास्तच) तेव्हा त्यांना नोटीस मिळाली. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. नंतर ते मुलाकडे न्यूझीलंडला गेल्याचं कळलं.

युद्धग्रस्त प्राध्यापकाला मदत म्हणजे किती वर्षांची मदत, हा प्रश्न जुना आहे. १९३३ मध्ये हिटलरने ज्यू प्राध्यापकांना काढायला सुरुवात केली तेव्हा इंग्लंडमध्ये विल्यम बेव्हरिज यांनी पुढाकार घेऊन मदत परिषद काढली, रदरफर्ड तिचे अध्यक्ष झाले. आइनस्टाइन त्यासाठी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बोलले. ती संस्था आजही 'कारा' नावाने चालू आहे आणि २००६ पासून तिने इराकी प्राध्यापकांसाठी खास काम केलं. आपल्याकडेही असा प्रसंग आला होता. सर सी. व्ही. रामन यांनी १९३५ मध्ये मॅक्स बॉर्न यांना बंगळुरूच्या संस्थेत आणलं, सहा महिन्यांसाठी. त्यांना कायम जागा द्यावी म्हणून रामन भांडले. तिथल्याच एका इंग्रज प्राध्यापकाने बैठकीत विरोध केला, त्यात बॉर्न यांचा अपमान झाला, आणि जागा काही मिळाली नाही. बॉर्न १९३६ मध्ये एडिंबराला गेले आणि १९५४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. बंगळुरूने एक नोबेलवाला असा हातचा घालवला.

पण भारताचा इतिहास याबाबतीत वाईट नाही बरं का. १९४७ मध्ये लाहोरचं विद्यापीठ तिकडे राहिलं, इकडे पूर्व पंजाब विद्यापीठ उभं करावं लागलं. दिल्लीत निर्वासित विद्यार्थ्यांसाठी कॅम्प कॉलेज निघालं. आणि परीक्षा घेणं अशक्य होतं तेव्हा निर्वासितांच्या छावण्यांत सेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्या कामावर पदवी द्यायची सोय केली. केवढी ही हुशारी! छावणीला हात मिळाले, पोरांचं वर्ष वाचलं. आणि आमच्या कोल्हापूरजवळचं वळिवडे तर तुम्हाला ठाऊक असेलच. १९४३ ते १९४८ पाच हजारांच्या आसपास पोलिश लोक, बहुतेक बायकामुलं, तिथे राहिले. रशियाच्या छावण्यांतून इराणमार्गे आलेले. त्यांना मराठी शाळेत घातलं नाही, त्यांच्याच शिक्षिकांना त्यांच्याच भाषेत शाळा चालवू दिल्या, अगदी हायस्कूलपर्यंत. माझी आजी त्या गोऱ्या बायकांबद्दल सांगायची, तेव्हा मला ती परीकथा वाटायची. शिक्षकांनाही काम मिळालं आणि मुलांचा अभ्यास तुटला नाही, हे दोन्ही एका निर्णयात साधलं होतं, हे मला इथे आल्यावर कळलं.

मग २०२२ मध्ये काय झालं? २४ फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा आपले सुमारे १८,००० विद्यार्थी तिथे होते, बहुतेक वैद्यकीय शाखेचे, त्यात महाराष्ट्रातलेही बरेच. विमानं पाठवून मुलं आणली, ते काम खरंच कौतुकाचं झालं. विमानातून उतरल्यावर मात्र त्यांच्या अभ्यासाचं काय, याला उत्तर नव्हतं. इथल्या कॉलेजांत सामावून घेता येणार नाही, असं सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. त्याच महिन्यात दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत जाऊन उरलेला अभ्यास पूर्ण करायला मान्यता मिळाली. शेवटच्या टप्प्यातल्यांसाठी मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने एकदाच परीक्षेला बसायची मुभा मान्य केली, आणि पुढे दोन वर्षांची इंटर्नशिप. म्हणजे युद्ध सुरू झाल्यापासून तेरा महिन्यांनी. जागांचं गणित, नीटच्या गुणांचा न्याय हे मुद्दे मला समजतात. इथे कमी गुण मिळाले म्हणून तिकडे गेलेल्यांना मागच्या दाराने घेतलं असं बाकीच्यांना वाटलं असतं, हेही खरं. पण जागा न देता प्रयोगशाळा, इस्पितळातले वॉर्ड, ग्रंथालय एवढं तरी वर्षभर खुलं करता आलंच असतं. छावणीतल्या सेवेवर पदवी देणाऱ्या देशाला हे जड नव्हतं.

आणि आता पुणं, जिथून आपण सुरुवात केली. सुलतान काबूस पुण्यात शिकले नाहीत, पण सर्वसामान्य ओमानी पोरं गेली काही दशकं शिकतायत. मस्कतच्या टॅक्सीत, बँकेत, कुठेही 'पूना' म्हटलं की एखादा तरी हसून कॅम्पातल्या हॉटेलाचं नाव सांगतो. त्याच पुण्यात १९८० च्या दशकात युद्धातल्या इराणची मुलं होती, नंतर इराकची, येमेनची, अफगाणिस्तानची. काश्मीरच्या होरपळलेल्या मुलांना पुण्यात आणून शिकवण्याचं काम 'सरहद' संस्था कितीतरी वर्षं करते आहे. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पडलं तेव्हा अफगाण विद्यार्थी पुण्यात होते. कोविडमुळे घरी गेलेल्यांचं मात्र वाईट झालं. त्याच महिन्याच्या २५ तारखेला भारताने देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे जुने व्हिसा रद्द केले, आणि ज्यांची फी भरलेली होती, वर्ग चालू होते, ती मुलं काबूल-हेरातमध्येच अडकली. त्यातल्या मुलींना तर तालिबानने डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या विद्यापीठाचं दारही बंद केलं.

भारतानेही १९५१ च्या करारावर सही केलेली नाही. त्यामुळे पुण्यात राहिलेल्या अफगाण पोराचं छप्पर म्हणजे त्याचा विद्यार्थी व्हिसा. एम.ए. झालं की पुन्हा दुसऱ्या विषयात एम.ए., मग पीएच.डी.ला नाव. लोक हसतात की किती शिकतोय हा! त्याला दुसरा रस्ताच नाही. घरून पैसे येत नाहीत आणि विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. माझ्या झांझिबारी साहेबांना उन्हाळ्यात प्रयोगशाळेत पगारी काम मिळालं होतं, तसं काम पुण्यातल्या विभागप्रमुखाला मनात असूनही देता येत नाही. फीची मुदत वाढवणं आणि सुट्टीत वसतिगृह उघडं ठेवणं मात्र त्याच्या कॉलेजच्या हातात आहे.